नागरिकशास्त्राच्या तासाला वादविवाद : शिक्षण की टाइमपास?

खडूफळा : कालच्या धाग्यावर 'माजी मुख्याध्यापक' यांनी ठोकून दिलं की वर्गातले वादविवाद, प्रकल्प ही सगळी थेरं, आधी कलमं पाठ करा. डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतोय. सर, दहावीला इतिहास-राज्यशास्त्र मिळून 40 गुण, त्यात आमच्या विषयाच्या वाट्याला शेपूट. ते घोकून पोरं सुटतात, पण ग्रामसभा कशाशी खातात ते कळत नाही.

मी नववीला विषय दिला, 'ग्रामसभेला गणपूर्ती हवीच का?' 15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी असेल तेवढे हजर हवेत. नसले तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला ती अटच नाही! पोरांनी ग्रामसेवकाकडून इतिवृत्ताची वही मागून घेतली. एक मुलगी म्हणाली, "सर, आमची आजी गुडघ्यांमुळे ओटा उतरत नाही, तिची सही कशी?" शिकवा असलं कलम पाठ करून.

माजी मुख्याध्यापक : आणि मग सरपंचांचा फोन शाळेत आला, तोही सांगा की. 34 मुलांत बोलणार चार, ती पण आईनं लिहून दिलेलं. प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात पुठ्ठ्यासकट तयार मिळतो. पंचायतराजची 73वी घटनादुरुस्ती कधीची विचारा, छताकडे बघतात.

खडूफळा : 1992ची, लागू 1993ला. पाठ आहे हो मला. आणि फोन आला होता. वही दुसऱ्या दिवशी 'सापडेना' झाली. राज्यशास्त्राचा याहून चांगला तास मी घेतलेला नाही.

पाटीवाली : वादविवाद घ्यायला बाई वर्गात तर हव्यात! मी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणारी. जूनपासून मतदारयाद्या घेऊन दारोदार. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 म्हणतं, शिक्षकांना शाळेबाहेरचं काम द्यायचं तर जनगणना, आपत्ती, निवडणूक एवढंच. त्या 'एवढंच'मध्ये वर्ष जातं.

करदाता : आलं रडगाणं. सातवा आयोग घेताना नाही दुखत? वर मे महिन्याची सुट्टी.

पाटीवाली : मे महिन्यात मतदान केंद्रावर कोण बसतं, तुमचे काका? मशीन जमा करून घरी पोचायला पहाटेचे तीन वाजले होते. सकाळी पोरीचा ताप 102.

करदाता : आमच्या खाजगी नोकरीत रोजच तीन वाजतात, कौतुक नाही सांगत.

कट्टेकरी : भांडा. पण शाळेत शिकून पुढे काय? कॉलेजातल्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकात बंद केल्या. 2016च्या विद्यापीठ कायद्यात परत आल्या, त्याही कागदावरच. पोहायला शिकवायचं आणि विहिरीला झाकण घालायचं.

माजी मुख्याध्यापक : बरं केलं बंद केल्या. आमच्या वेळी हॉकी स्टिका निघायच्या, माझ्या धाकट्या भावाच्या डोक्याला सात टाके आहेत.

कट्टेकरी : मग विधानसभाही बंद करा.

माजी मुख्याध्यापक : विषयावर या. गणपूर्तीचा नियम तपासला, बरोबर आहे. इतिवृत्त मागायला लावणं ही कल्पना अगदीच टाकाऊ नाही, एवढं म्हणतो. मात्र नियम आधी पाठ होता म्हणूनच तहकुबीची मेख कळली, हे खडूफळा यांनी सोयीनं गाळलंय.

खडूफळा : मुलांनी वहीवरून शोधली ती मेख, सर. पण मिळालेले दोन गुण ठेवून घेतो.

करदाता : ते असू दे. बीएलओचा भत्ता किती, बाईंनी अजून सांगितलं नाही.