साडेचार महिन्यांच्या बाळाला पित्ताचा खडा, लॅसिक्समुळे?

चिऊची_आई:
माझी मुलगी २८ व्या आठवड्यात झाली, ९ आठवडे एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) होती, फुप्फुसं कच्ची म्हणून लॅसिक्स (लघवी वाढवून अंगातलं जास्तीचं पाणी काढणारं औषध) चालू केलेलं ते घरी आल्यावरही चालूच आहे. काल किडनी बघायला सोनोग्राफी केली तर किडन्या नॉर्मल पण पित्ताशयात ४ मिमीचा खडा!! मला वाटायचं हे चाळिशीतल्या बायकांचं दुखणं. पोरगी मस्त खेळतेय, दूध पितेय. सासूबाई म्हणतात औषध बंद कर आणि पाषाणभेदाचा रस चाटव. डॉक्टर सोमवारी भेटणार, तोवर दिवस कसे काढायचे?

जुळ्यांचा_बाबा:
ताई रसबिस काही देऊ नका, सहा महिने दुधाशिवाय काही नाही, आणि तो देतात मुतखड्यावर, इथे खडा भलतीकडेच आहे. आमच्या धाकट्याला पण निघाला होता, काही केलं नाही, नुसती मधून मधून सोनोग्राफी, तिसऱ्या वेळी खडा गायब.

बालरोगवाला:
रिपोर्ट न बघता बोलतोय हे लक्षात ठेवा. लॅसिक्सने लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, ते किडनीत साठू शकतं, म्हणून ती सोनोग्राफी. पित्ताच्या खड्यातही त्याचं नाव येतं पण एकट्यावर खापर फोडू नका. टीपीएन, म्हणजे शिरेतून दिलेलं पोषण, किती दिवस होतं? पोटात दूध जात नसलं की पित्ताशय आकसत नाही, पित्त तिथेच साचून घट्ट होतं, आधी गाळ मग खडा. त्यात कमी दिवसांचं बाळ, इन्फेक्शन, कधी सेफ्ट्रायाक्सोन या अँटिबायोटिकचा कोर्स. त्रास नसेल तर असे बरेच खडे आपोआप जातात. लॅसिक्स मात्र मनाने बंद करू नका, फुप्फुसात पाणी साठून धाप लागू शकते. सोमवारी एवढं विचारा की अजून त्याची गरज आहे का, डोस कमी करता येईल का. आणि ताप, सारख्या उलट्या, डोळे पिवळे, शी खडूसारखी पांढरट, लघवीचे गडद पिवळे डाग दुपट्याला, यातलं काहीही दिसलं तर सोमवारची वाट बघू नका.

चिऊची_आई:
डिस्चार्ज पेपर आत्ता काढून बघितला, टीपीएन १९ दिवस!! हे मला कोणी खड्याशी जोडून सांगितलंच नव्हतं. शी हळदीसारखी पिवळी आहे, हुश्श. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं, म्हणाल्या बरं मग तो रस मीच पिते.