मदत हवी आहे: पंचाहत्तरीच्या पानात दूध-दही-तूप नको, आणि पाहुण्यांना ते जाणवायलाही नको

नमस्कार मंडळी,

पुढच्या रविवारी सासूबाईंची पंचाहत्तरी आहे, इथेच सांगलीत, घरी. पस्तीसेक पानं होतील. आचारी सांगितलेला नाही, मी आणि जाऊबाई दोघीच.

जाऊबाईंची लेक बंगळूरला नोकरीला असते. दोन वर्षांपासून ती व्हीगन झाली आहे. दूध, दही, तूप, लोणी काही नाही, मधसुद्धा नाही. सातारच्या मामांनी मधाचं गाव म्हणून मांघरहून कौतुकाने आणलेली बाटली अजून कपाटात तशीच आहे. गेल्या दिवाळीत पोरगी भाकरी-ठेचा आणि भडंगावर राहिली. सासूबाईंना ते फार लागलं. चाळीस वर्षं यांच्या दारात म्हैस होती, नातवंडं दुधावरच वाढली. आता त्यांचं फर्मान असं: "माझ्या पंचाहत्तरीला पोरीनं वेगळं ताट घेऊन बसायचं नाही. तिला चालतंय तेच समद्यांना वाढा. आणि बिनदुधाचं, बिनदुधाचं म्हणून दवंडी पिटू नका."

यादी करायला बसलो तर निम्म्याहून जास्त पान आधीच जमलेलं निघालं. भरली वांगी (कृष्णाकाठची मिळाली तर उत्तमच), अख्खा मसूर, बटाट्याची भाजी, कटाची आमटी, कुरडया, पापड. काकडीला दही नाही, दाण्याचं कूट आणि लिंबू. पुरणात तर दुधाचा थेंबही नसतो, पोळी तेलावर भाजायची. अडलंय ते तीन ठिकाणी.

१. कढी. नारळाच्या दुधाला बेसन लावून केली, उकळी आल्यावर लिंबू पिळलं. दोन मिनिटांत फुटली. कडेला पांढरा चोथा, वर तेलाचा तवंग, खाली पिवळं पाणी. यजमान म्हणाले, सोलकढी आजारी पडलीय का?

२. गुळवणी. आमच्याकडे पुरणपोळीबरोबर दुधातली गुळवणी लागतेच. पाकिटातलं सोयाचं दूध उकळून त्यात गूळ टाकला. नासलं. सरळ पनीरच झालं म्हणा ना.

३. तूप. वरणभातावर धार नाही तर जेवण कसलं, असं म्हणणारे निदान दहा जण येणार आहेत. जाऊबाई वनस्पती तूप म्हणतात, पण ते टाळूला चिकटतं आणि लगेच कळतं.

एक फसगतही सांगते. 'नॉन डेअरी' लिहिलेली क्रीमची पावडर आणली होती, हिरवा ठिपका बघून. पुतणीला फोटो पाठवला तर ती म्हणाली, काकू, मागे बघ, सोडियम केसिनेट आहे, ते दुधाचंच प्रथिन. हिरवा ठिपका शाकाहारीचा असतो, त्यात दूध चालतं. व्हीगनचं चिन्ह वेगळं, हिरव्या चौकोनात इंग्रजी व्ही आणि त्यावर पान. तीनशे रुपये पाण्यात.

कुणी करून बघितलेलं असेल तरच सांगा. व्हिडिओ बघून झालेत, सगळ्यांत काजू किलोने लागतात.

---

मिरजकर_काकू: कढीसाठी शेंगदाण्याचं दही लावा. मी दोन वर्षं करतेय, घरात एकाला दूध सोसत नाही म्हणून. एक वाटी शेंगदाणे रात्रभर भिजवा, सालं चोळून काढा, तीन वाट्या पाण्यात बारीक वाटून गाळा. हे दूध ढवळत राहून पाच-सात मिनिटं उकळायचं, बुडाला फार पटकन लागतं. कोमट झालं की हिरव्या मिरचीची पाच-सहा देठं धुऊन टाका, झाकून उबेला ठेवा. रात्रीत लागतं. पहिलं दही थोडं उग्र असतं, ते खायचं नाही, त्याचा चमचाभर विरजण म्हणून दुसऱ्या खेपेला वापरायचा. दुसरं छान आंबट होतं. कढी करताना बेसन गार दह्यातच फेटा, आलं-कढीपत्ता सढळ हाताने, आणि खळखळ उकळू द्यायची नाही. दाण्याचा वास आल्याखाली दबतो.

कराडचा_खवय्या: ताई, गुळवणीत चूक क्रमाची आहे. उकळत्या दुधात गूळ टाकला की म्हशीचं दूधही नासतं, सोयाचं तर नासणारच. गूळ पाण्यात उकळून गाळून घ्या, वेलची-जायफळ-सुंठ तेव्हाच. कोमट झालं की गॅस बंद असतानाच नारळाचं दाट दूध घाला. परत तापवू नका. तुमची कढी फुटली तीही याच कारणानं, आंबट शेवटी, आचेवरून उतरवल्यावर.

तुपाला पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका, नाही मिळत. ज्याला तूप लागतं तो पदार्थच पानातून काढा. वरणभात रद्द, मसालेभात ठेवा, वर ओलं खोबरं-कोथिंबीर भरपूर. पोळीवर तुपाच्या जागी नारळाचं दूध, कोकणात पुरणपोळी तशीच खातात. कुणी विचारलं तर म्हणा यंदा कोकणी पद्धत केली.

पुन्हा_भूक: दवंडी पिटू नका हे ठीक, पण पस्तीस माणसांत कुणाला शेंगदाण्याची ऍलर्जी असेल तर? आमच्या एका लग्नात चटणीतल्या कुटाने एकाला दवाखान्यात न्यावं लागलं. कढीत दाणे आहेत हे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. दूध नाही हे सांगू नका हवं तर, दाणे आहेत हे सांगा.

मिरजकर_काकू: हे मात्र खरं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

---

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. ऍलर्जीचं मनावर घेतलंय. उद्या सगळ्यांना फोन करून विचारणार आहे, म्हणजे सासूबाईंची अट थोडी मोडतेय, पण त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "इचार की, इचारायला काय जातंय."

वरणभात रद्द केला. यजमान रुसलेत, पण पंचाहत्तरी त्यांची नाही.

गुळवणी आज वाटीभर करून बघितली, नासली नाही. सुंठ जरा जास्त झाली. जाऊबाईंना कळलं नाही की त्यात दूध नाही, त्या म्हणाल्या, आज नारळ घातलास वाटतं, छान लागतंय.

शेंगदाण्याचं दूध आत्ता पातेल्यात आहे, देठं टाकून. सासूबाई दर तासाला झाकण उचलून बघतात आणि देठं मोजतात. मी सहा टाकली होती, त्या म्हणतात पाचच दिसतात. सकाळी कळवते.

(वनस्पती तुपाशिवाय बेसनाचे लाडू कुणी वळलेत का? तेही पानात हवे आहेत.)