उठून उभे राहिले की आप्पांना चक्कर येते, बसून मोजलं तर बीपी नॉर्मल – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझे वडील, आप्पा, वय ७३. आई-आप्पा आणि भाऊ कराडजवळ गावी, मी पुण्यात. आप्पांना साखर जुनी आहे, मेटफॉर्मिन चालू. बीपी जास्त म्हणून सकाळी टेल्मिसार्टनची गोळी, त्यातच हायड्रोक्लोरोथायझाईड हे लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं. प्रोस्टेटमुळे लघवी अडखळत होती, म्हणून मार्चमध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी रात्री टॅमसुलोसिनची कॅप्सूल सुरू केली. तेव्हापासून म्हणा किंवा उन्हाळा लागल्यापासून, अंथरुणातून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. चौकट धरून उभे राहतात, थोड्या वेळात सावरतात. विचारलं तर "काही नाही गं, जरा झोक गेला". परवा रात्री लघवीला उठले आणि मोरीच्या उंबऱ्यापाशी खाली आले. पडलो म्हणायला तयार नाहीत, बसलो म्हणतात. कोपर चांगलंच सोललंय.

जवळच्या डॉक्टरांनी खुर्चीत बसवून बीपी घेतलं, १२४/७६ आलं. अशक्तपणा आहे म्हणून सलाईन लावलं. थोडी तरतरी आली, मग पुन्हा तेच. शेजारच्या काकू सकाळ-संध्याकाळ मीठ-साखरेचं पाणी आणून देतात. साखरेच्या माणसाला साखरपाणी! नको म्हणावं तर त्यांचं तोंड पडतं. भाऊ म्हणतो, बीपीची गोळीच बंद करून टाकू.

बसून बीपी चांगलं येतं, तरी हे लो बीपी असू शकतं का? मीठ वाढवावं का? आणि दाखवायचं कुणाला, फिजिशियन, कानाचे की मेंदूचे?

सातारी_कंदी:
ताई, आप्पांना आधी नीट विचारा, घर गरगर फिरतं की अंधारी येऊन हातपाय गळतात? माझ्या सासूबाईंना नुसती कूस बदलली तरी छत फिरायचं. ते कानाचं निघालं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी डोकं ठरावीक पद्धतीने वळवून आडवं केलं, बसवलं आणि त्याच आठवड्यात त्या हिंडायला लागल्या. तुमच्या आप्पांचं तसं वाटत नाही, पण विचारून घ्या.

डॉ_पडद्याआड:
मी फिजिशियन आहे. इथून निदान करणार नाही, पण मोजायचं कसं ते सांगतो.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. निरोगी शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळतं, नाडी वाढवतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. जुन्या मधुमेहात हे काम करणाऱ्या नसा मंदावतात. टॅमसुलोसिन मूत्रमार्गाचे स्नायू सैल करतं, पण काही जणांत रक्तवाहिन्याही सैल सोडतं. लघवी वाढवणाऱ्या औषधाने अंगातलं पाणी कमी होतं, वर उन्हाचा घाम. बसलेल्या माणसाचं एक रीडिंग यातलं काहीच दाखवत नाही.

भावाला सांगा, आप्पांना पाच मिनिटं शांत आडवं झोपवून बीपी आणि पल्स घ्यायची. मग उभं करून एका मिनिटाला आणि तीन मिनिटांना पुन्हा. पट्टा दंडाला, हात हृदयाच्या उंचीवर टेकवलेला. शेजारी माणूस हवाच, अंधारी आली तर मोजणं सोडून आधी बसवा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो'.

निवांत_पुणेकर:
आमच्याकडे तर आल्याचा चहा आणि चिमूटभर मीठ, काम फत्ते.

डॉ_पडद्याआड:
@निवांत_पुणेकर, तुमचं फत्ते झालं असेल. हे ७३ वर्षांचे, बीपी आणि साखर दोन्ही असलेले गृहस्थ आहेत. आकडे येईपर्यंत मीठ वाढवू नका.

धागाकर्ती:
भावाने आज सकाळी मोजलं. आडवे असताना १४६/८२, पल्स ७४. उभे राहून एका मिनिटाला ११४/६८, तीन मिनिटांना ११२/६६, पल्स ७९. तेव्हा थोडी अंधारी आली होती. घर फिरत नाही म्हणतात. आडवं असताना तर बीपी जास्तच दिसतंय की!

डॉ_पडद्याआड:
अगदी तेच पाहायचं होतं. ३० च्या वर घसरण आहे. शरीरात फक्त पाणी कमी असतं तर पल्स बरीच उसळली असती. ती जेमतेम पाचाने वाढली, म्हणजे नसांचा वाटा असावा. झोपल्यावर बीपी चढं, उभं राहिल्यावर उतरलेलं, म्हणून मीठ वाढवणं आणि गोळी परस्पर बंद करणं दोन्ही अंगाशी येऊ शकतं. कुठलं औषध बदलायचं, कुठल्या वेळेला द्यायचं, हे एकाच डॉक्टरने सगळं समोर ठेवून ठरवायला हवं. लघवीच्या डॉक्टरांना बीपीची गोळी माहीत नाही आणि बीपीच्या डॉक्टरांना कॅप्सूल माहीत नाही, हे मी रोज बघतो. घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत भरा, हे आकडे कागदावर लिहा आणि फिजिशियनकडे जा. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), सोडियम-पोटॅशियम, ईसीजी आणि बी-१२ याबद्दल विचारा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं, आणि या लघवी वाढवणाऱ्या औषधाने म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरू शकतं.

तोवर रात्री पलंगाशेजारी युरिन पॉट ठेवा, मोरीपर्यंत जायचंच नाही. लघवी बसूनच. उठताना आधी काठावर पाय सोडून बसायचं, पावलं वरखाली हलवायची, मग उभं राहायचं. हृदय किंवा किडनीसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल, तर सकाळी उठण्याआधी दोन पेले पाणी प्यायलं की पुढचा थोडा वेळ बरा जातो. कडक पाण्याची अंघोळ नको. भरपेट जेवल्यावरही बीपी उतरतं, तेव्हा थोडं थोडं खाऊ द्या.

छातीत दुखलं, शुद्ध हरपली, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, शी डांबरासारखी काळी झाली किंवा पडून डोक्याला लागलं, तर वाट न बघता मोठं हॉस्पिटल गाठा.

सातारी_कंदी:
काकूंना जिरं घातलेलं पातळ ताक आणायला सांगा, मीठ न घालता. त्यांचंही मन राहील. आणि आप्पा एकादशी धरत असतील तर साखरेच्या गोळ्या चालू असताना निरंकार उपवास नको, हे डॉक्टरांच्याच तोंडून वदवून घ्या. मुलीचं ऐकत नाहीत हो ही माणसं.

धागाकर्ती:
धरतात, आणि पाणीसुद्धा बेतानेच पितात! सोमवारी कराडच्या फिजिशियनची वेळ मिळालीय, मीही जातेय. कुणीतरी पायात घालायचे घट्ट मोजे सुचवलेत. मे महिन्यात आप्पा घालतील असं वाटत नाही. उपयोग होतो का?

डॉ_पडद्याआड:
गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांचा फारसा नाही, रक्त पोटातही साठतं. त्यापेक्षा पोटाला बांधायचा रुंद पट्टा बरा पडतो. उठण्याआधी बांधायचा, आडवं होताना सोडायचा. पण मधुमेह आहे, तेव्हा मोजे असोत की पट्टा, सोमवारी दाखवून मगच विकत घ्या. त्या रात्री पडले ते मात्र 'बसलो' म्हणून सांगू देऊ नका.