रूम पार्टनर गणपतीला पण घरी गेला नाही, काय करू? मदत हवी आहे

रत्नागिरीत कॉलेजला आहे, सेकंड इयर. मी राजापूरकडचा, पार्टनर गुहागरकडचा. गेल्या गणपतीत त्याच्या गावचा नाच बघायला गेलेलो तर हा रात्रभर ढोलकी वाजवत होता, सकाळी बोटांना चिकटपट्ट्या. यावर्षी घरी गेलाच नाही. कोकणातल्या माणसाला यापुढे वेगळं काय सांगू. वडील मुंबईहून आलेले, त्यांना म्हणे प्रॅक्टिकल आहेत. कसली प्रॅक्टिकल, कॉलेज बंद होतं!

चार विषय राहिलेत, केट्या लागल्यात, पण तेवढंच नसावं. झोपत नाही, डबा तसाच परत जातो, परवा बांगडा होता तरी. आणि काल ढोलकी मला देऊन टाकली, "ठेव तुझ्याकडे, मला आता लागायची नाय." मी हसण्यावारी नेलं पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही. घरी सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीये. डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणतो मला पण तिथंच भरती करणार काय. रत्नागिरी म्हटलं की लोकांना इथलं मनोरुग्णालयच आठवतं ते माहितीच आहे.

जीव द्यायचं मनात येतं का असं सरळ विचारू का? नसलेलं डोक्यात भरलं जाईल अशी भीती वाटते. घरी सांगू का? पोलिसांचं लफडं होईल का?

खाडीकाठची: आजच विचार. विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. फक्त "वेडंवाकडं काही करणार नाहीस ना" असं नको, त्याला नाही म्हणण्यावाचून उत्तरच उरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नको, जिवाला धोका होईल असं काही रूमवर असेल तर हलव.

एसटीवाला: 14416 लाव, टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. तू स्वतःसाठी पण लावू शकतोस. अगदी वेळ आली तर 112. नुसतं मनात येतं म्हटल्यावर कसली पोलीस केस? प्रयत्न केलेला माणूस पण प्रचंड ताणात होता असंच 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात, कलम 115, धरतात. आणि मनोरुग्णालयात ओपीडी पण असते रे, लोक दाखवून, गोळ्या घेऊन संध्याकाळच्या गाडीने घरी जातात.

तळकोकणी: शपथेचं काय घेऊन बसलास, देवाक नारळ ठेव, गाऱ्हाणा घाल, सुटली. आईक फोन कर आधी.

धागाकर्ता: काल लाईट बंद केल्यावर विचारलं, तोंड दिसत नाही म्हणून जरा सोपं गेलं. बराच वेळ गप्प, मग हो म्हणाला. 14416 स्पीकरवर लावला, सुरुवातीला मीच बोलत होतो, नंतर त्याने फोन हातात घेतला आणि जिन्यात जाऊन बसला, मी दोन पायऱ्या वर. आईला त्यानेच फोन केला. ती पहिल्या एसटीने निघालीये, तोपर्यंत मी कॉलेजला जात नाहीये. ओपीडीला केसपेपर किती वाजेपर्यंत काढतात, कोणाला माहिती आहे का?