कान वाजतो, केस कमरेपर्यंत, पावसाळा चालू. हेअर ड्रायरचं काय करायचं?

कर्वेनगरची_वेणी

अडीच वर्षं झाली, माझा डावा कान वाजतोय. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जो सुस्स आवाज येतो ना, तसा. फक्त ही शिट्टी कधी होत नाही आणि गॅस बंद करायची सोय नाही. नऊ वर्षं कॉल सेंटरला होते, हेडसेट कायम डाव्या कानावर, कारण उजव्या हाताने लिहायचं. ऑडिओग्राममध्ये (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) ४००० हर्ट्झला खड्डा दिसतो, म्हणजे त्या पट्टीतलं कमी ऐकू येतं. ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी चार मिनिटांत "सवय करून घ्या" सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बरं, घेतली सवय. दिवसा फारसं जाणवत नाही आता.

प्रश्न केसांचा आहे. केस कमरेपर्यंत आणि दाट. रविवारी आणि बुधवारी न्हाते. रविवारचं काही नाही, दिवसभर मोकळे सोडता येतात. बुधवारी मात्र ८.३५ ला स्कूटी काढावी लागते, नळ स्टॉपला लावायची, तिथून मेट्रोने कल्याणीनगर. उन्हाळ्यात बाल्कनीत वीस मिनिटं उभं राहिलं की काम भागतं. जून लागला की टॉवेलच दोन दिवस वाळत नाही, तिथे केसांची काय कथा. ओल्या केसांवर स्कार्फ, त्यावर हेल्मेट, आणि ऑफिसात पोचेपर्यंत डोक्याला पोतेऱ्याचा वास.

म्हणून ड्रायर. बारा-एक मिनिटं लागतात. बंद केला की त्या सुस्सची पिठाची गिरणी झालेली असते आणि दुपारचा डबा खाईपर्यंत ती चालूच राहते. परवाच्या बुधवारी मीटिंगमध्ये साहेब काय म्हणाले ते अर्धं ऐकूच आलं नाही, मी आपली मान हलवत बसले.

करून पाहिलेले उपाय: कानात कापसाचे बोळे (शून्य फरक). हेडफोन लावून त्यावर गाणी (आणखी वाईट). सासूबाईंचा उपाय, "काप की मग केस", तो अजून केलेला नाही.

दोनच गोष्टी विचारायच्यात. ड्रायरने माझा कान आणखी खराब होतोय का? आणि कान वाजणारी, लांब केसांची इथे आणखी कुणी असेल तर तुम्ही पावसाळ्यात काय करता?

---

चाकणचा_फिटर

ताई, आमच्याकडे प्रेस शॉपमध्ये आवाज मोजायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून हे वाचल्यावर बायकोचा ड्रायर घेतला आणि कंपनीचं मीटर लावलं. कानापासून चार बोटांवर, फुल स्पीड, पुढे ती चपटी चोच लावलेली: ८८ डेसिबल. तोच हात लांब करून, लो स्पीड, चोच काढून: ७४. तुमच्या ड्रायरचे आकडे वेगळे येतील, पण फरक साधारण असाच पडेल.

आता हिशेब. कारखान्यांसाठी अमेरिकेच्या नायॉश संस्थेची शिफारस आहे ती ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास. तुमची १२ मिनिटं म्हणजे त्या दिवसाच्या शिध्यातला ५ टक्के. एवढ्यावर, तेही आठवड्यातून एकदा, धडधाकट कानाचं काही बिघडू नये. तुमच्या कानाचं मी सांगू शकत नाही, ते जाणकार सांगतील.

हेडफोनचं सांगतो, रागावू नका. ड्रायरच्या वर गाणं ऐकू यायचं तर गाणं ड्रायरपेक्षा मोठं लावावं लागतं. म्हणजे ८८ च्या डोक्यावर तुम्ही स्वतःच्या हाताने आणखी ९० ठेवले.

आणि एक विचारायचं राहिलं. ड्रायर बाथरूममध्ये चालवता का? चारी बाजूंनी टाइल्स म्हणजे आवाज कुठे जिरतच नाही. पडदा, गादी, कपड्यांचा ढीग असलेल्या खोलीत जा. ढीग सगळ्यांकडे असतोच.

---

शनिवारातला_जोशी

कर्वेनगरात राहता. नदीपात्रात संध्याकाळी साठ ढोल आणि वीस ताशे सराव करतात, आणि तुम्हाला भीती कशाची, तर ड्रायरची. कमाल आहे.

---

कर्वेनगरची_वेणी

जोशीबुवा, त्याचीही वाटते. पण ढोल मी बंद करू शकत नाही, ड्रायरचं बटण माझ्या हातात आहे.

फिटरदादा, हो, बाथरूममध्येच. आरसा तिथे आहे ना.

---

कानमापी

मी श्रवणतज्ज्ञ आहे. मीटरचा हिशेब वर आलाच आहे, तो बरोबर आहे. थोडं आतलं सांगते.

आपल्या आतल्या कानात, शंखात, रोमपेशी असतात. म्हणजे तिथेही केसच म्हणा, एका कानात सुमारे १५-१६ हजार. डोक्यावरचा केस गेला तर नवा येतो, हे परत येत नाहीत. त्यातल्या काही थकल्या की मेंदूला त्या पट्टीतला आवाज कमी पोचतो. मग मेंदू आपल्याकडचा व्हॉल्यूम वाढवतो, आणि त्या वाढवलेल्या व्हॉल्यूममध्ये जी खरखर ऐकू येते ती तुमचा सुस्स. अशा कानावर मोठा आवाज पडला की खरखर काही तास चढते. ती चढली म्हणजे प्रत्येक वेळी नवीन इजा झाली असं नाही. दुपारी उतरते म्हणालात, हे चांगलं लक्षण. दोन दिवस उतरलीच नाही तर मात्र दाखवा.

कापसाच्या बोळ्याने वारा अडतो, आवाज फारसा अडत नाही. फोमचे इअरप्लग घ्या, औषधाच्या दुकानात मिळतात. पण ते नुसते कानाच्या तोंडाशी अडकवून उपयोग नाही. प्लग दोन बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट ठेवायचं. घातल्या घातल्या सुस्स मोठा वाटेल. घाबरून काढू नका, बाहेरचे आवाज थांबले म्हणून तो पुढे आलाय, एवढंच.

न्हाल्या न्हाल्या ओल्या कानात प्लग नको. पावसाळ्यात कानात बुरशी झालेले पेशंट आमच्याकडे रोज येतात. आधी कान कोरडा होऊ द्या.

आणि ड्रायर संपला की प्लग काढायचे. दिवसभर, ट्रॅफिकमध्ये, ऑफिसात घालून बसणारे लोक आहेत. त्याने उलटं होतं, मेंदू व्हॉल्यूम आणखी वर नेतो आणि मग भांड्यांचा आवाजही सोसत नाही. तसंच ड्रायरनंतर एकदम शांत खोलीत जाऊन "वाढला का, वाढला का" असं ऐकत बसू नका. काहीतरी हलका आवाज चालू राहू दे.

एक तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून विचारते. फक्त एका कानात वाजतंय आणि ऐकूही त्याच बाजूला कमी येतंय, तर एमआरआय झाला का? नसेल तर कान-नाक-घसावाल्यांना विचारा. आणि हे सगळ्यांसाठी: एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर "मळ असेल" म्हणून आठवडा काढू नका, त्याच दिवशी जा. तिथे दिवसांवर उपचार अवलंबून असतात.

---

कर्वेनगरची_वेणी

एमआरआय झालाय, स्वच्छ आला. आणि तुम्ही म्हणालात म्हणून आठवलं, ते मशीन तर ड्रायरच्या दसपट ठणठणत होतं, अर्धा तास! त्यांनी कानात पिवळे प्लग घातले होते, वर हेडफोन. त्या दिवशी गिरणी झालीच नव्हती. ते पिवळे प्लग अजून माझ्या पर्सच्या चोरकप्प्यात आहेत, सुट्ट्या पैशांबरोबर.

---

कानमापी

ते फेकून द्या. नवीन घ्या.

---

पालथी_टोपली

माझं वय ७१, माझेही दोन्ही कान वाजतात, रातकिडे. केस आता शेपटीएवढे राहिलेत, पण एके काळी पुढ्यात घेऊन बसावे लागत.

सगळे ड्रायरवर बोलताय, पाण्यावर कुणी बोलतच नाही. एवढ्या केसांतून आधी पाणी काढलंत तर ड्रायरला उरतं काय? तो जाड टर्किश टॉवेल बाजूला ठेवा. जुना, दहा वेळा धुतलेला सुती पंचा घ्या. केस पुढे सोडायचे, पंचात गुंडाळायचे आणि पिळायचे नाहीत, दाबायचे. वरून खाली, मुठीमुठीने. पहिला पंचा भिजला की दुसरा घ्यायचा. मग पंचाची दोन टोकं धरून केसांवर मागून झटके द्यायचे, आमची आई द्यायची तसे, भिंतीवर तुषार उडायचे. चोळलंत तर गुंता होईल, मला नावं ठेवू नका.

आमच्याकडे धुपाटण्यात निखारे घालून वर उद टाकायचे, त्यावर बांबूची टोपली पालथी आणि टोपलीवर केस पसरून झोपायचं. बाळंतपणात तर रोज. काय वास यायचा! पण फ्लॅटमध्ये करू नका. मी एकदा हौसेने केलं, तर वरच्या मजल्यावरचे काय जळतंय विचारायला आले, आणि मला दिवसभर खोकला.

बुधवारी सकाळीच न्हायचं असं कुणी सांगितलंय? मंगळवारी संध्याकाळी न्हा.

---

शनिवारातला_जोशी

पंचाचा मुद्दा मान्य. आम्ही टकले असल्याने बाकीचं वाचून सोडून दिलं. (कान माझाही वाजतो. १९९८ पासून. ताशा वाजवायचो.)

---

चाकणचा_फिटर

जोशीसाहेब, हे आधी सांगायचं होतंत.

---

कर्वेनगरची_वेणी

तीन आठवड्यांनी येतेय, तीन बुधवार करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आजी, मंगळवारी संध्याकाळी न्हायला लागले. पहिल्या मंगळवारी घोळ झाला: एकच पंचा होता, तो दोन मिनिटांत चिंब, मग चिडून चोळलंच, आणि रात्री दहापर्यंत गुंता सोडवत बसले. दुसऱ्या वेळी दोन पंचे. दाबून, झटकून झाल्यावर केसांतून पाणी टिपकत नाही, नुसते थंड लागतात. भिंतीवर तुषार उडाले तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, काही बोलल्या नाहीत, पंचा माझ्या हातातून घेतला आणि मागून स्वतः झटके दिले. माझ्यापेक्षा बरे देतात. केस कापायचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

मग टेबल फॅनकडे पाठ करून बसते, केस मोकळे, मांडीवर परात, बुधवारच्या डब्याची भाजी निवडायची. मेथी असेल तर मेथी संपेपर्यंत केस ऐंशी टक्के वाळतात. गवार असेल तर शंभर.

आणि इथे एक गोष्ट लक्षात आली. मेथी निवडताना मला सुस्स ऐकूच येत नव्हता. फॅन बंद केला तर होता जागेवर, पुन्हा लावला की गेला. आमचा फॅन जुना आहे, घर्रर्र करतो, बदलायचा म्हणून दिवाळीपासून चाललंय. आता बदलणार नाही. झोपतानाही तोच लावते, त्याचं तोंड भिंतीकडे करून.

ड्रायर पूर्ण सुटलेला नाही. मानेवर, मुळांशी, जिथे हेल्मेट बसतं तिथे ओल राहतेच. तेवढ्यासाठी तीन मिनिटं, लो स्पीड, चोच काढून, बेडरूममध्ये. आरसा लागत नाही, हे नवीन कळलं. प्लग नवीन आणलेत, कान कोरडे झाल्यावर घालते. पहिल्यांदा घातले तेव्हा सुस्स इतका मोठा झाला की काढून फेकणार होते, तेवढ्यात कानमापी ताईंचं वाक्य आठवलं.

आणखी एक फिटरदादांसाठी. मी डाव्या बाजूचे केस वाळवताना ड्रायर डाव्या हातात घ्यायचे, तो थेट कानाला चिकटायचा. आता सगळे केस उजव्या खांद्यावरून पुढे घेते आणि हात लांब. डाव्या कानाला मध्ये डोक्याचा आडोसा मिळतो.

हिशेब: तीनपैकी दोन बुधवारी गिरणी झाली नाही. एकदा झाली, पण त्या दिवशी रात्रभर झोपही नव्हती, त्यामुळे ड्रायरवर आळ घेणार नाही. नदीपात्रातला सराव सुरू झालाय. तेव्हा बाल्कनीचं दार लावते आणि फॅन दोनवर.

---

पालथी_टोपली

पंचे कुठून घेतलेस गं?

---

कर्वेनगरची_वेणी

लक्ष्मी रोडवरून, आजी. चार घेतले. दोन केसांचे, दोन सासूबाईंनी पुरणाची डाळ निथळायला आधीच उचललेत.