मदत हवी आहे: हवेचा पाइप सोडवला की फर्नेस पेटते, लावला की नाही

मंडळी, मी मिनेसोटात राहते. बाहेर उणे २४ सेल्सियस आहे आणि काल रात्रीपासून आमची घर गरम करणारी गॅस फर्नेस पेटत नाहीये. सासूबाई साताऱ्याहून आल्या आहेत, त्यांना दमा आहे. दुरुस्तीवाला सोमवारच्या आधी येऊ शकत नाही, आज शनिवार. कोणी हे निस्तरलं असेल तर कृपया लवकर सांगा.

फर्नेस १२ वर्षं जुनी, ६०,००० बीटीयूची (ताशी उष्णतेचं माप), दोन पांढऱ्या पीव्हीसी पाइपांची. एकातून जळणासाठी बाहेरची हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. दोन्ही बेसमेंटच्या भिंतीतून शेजारी शेजारी बाहेर निघतात.

होतं असं, की थर्मोस्टॅट वाढवला की इन्ड्यूसरचा, म्हणजे धूर बाहेर ओढणारा, छोटा पंखा घुं करून सुरू होतो. त्यानंतर गॅस पेटवणारा इग्नायटर लाल व्हायला हवा, तो होतच नाही. थोड्या वेळाने पंखा थांबतो, पुन्हा प्रयत्न करतो, आणि चार-पाचदा असं झालं की सगळं गप्प. फर्नेसच्या दाराच्या गोल काचेतून पाहिलं तर आतल्या कंट्रोल बोर्डावरचा दिवा तीनदा लुकलुकतो. तक्त्यात त्याचा अर्थ प्रेशर स्विच (हवेची ओढ पुरेशी असेल तरच पुढे जाऊ देणारा) लागत नाही असा दिलाय.

आधी फिल्टर बदलला. मग कळलं की तो घरात खेळणाऱ्या हवेचा, जळणाच्या हवेशी त्याचा संबंध नाही. स्विचची रबरी नळी मोकळी आहे. पाणी निचऱ्याचा ट्रॅप धुतला. बाहेर जाऊन फावड्याने बर्फ उपसला, पाइपांत टॉर्च मारून पाहिलं, काही अडकलेलं दिसलं नाही.

शेवटी आज सकाळी फर्नेस बंद करून हवा आत आणणारा पाइप फर्नेसपाशीच सोडवला. पुन्हा चालू केली आणि पहिल्याच वेळी पेटली, ज्योत निळी, स्थिर. पाइप लावला की परत तेच तीनदा लुकलुकणं.

म्हणजे दुखणं पाइपातच आहे. पण कुठे? आणि सोमवारपर्यंत पाइप सुटाच ठेवला तर चालेल का? कार्बन मोनॉक्साइडची फार भीती वाटते.

प्रतिसाद

एडमंटनहून लिहितोय, हे आमच्याकडे दोनदा झालंय. तुमचं निदान बरोबर आहे. हवा अडली की इन्ड्यूसरला पुरेशी ओढ मिळत नाही, स्विच लागत नाही आणि बोर्ड गॅस सोडतच नाही. तो तुमच्या भल्यासाठीच अडून बसलाय, म्हणून स्विचच्या वायरी जोडून त्याला चकवायला कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका.

बाहेरच्या पाइपाचं तोंड खाली वळलेलं आहे का? असेल तर टॉर्चवर विसंबू नका, आत बोट घालून पाहा. उंदीर-पाखरं शिरू नयेत म्हणून कोपराच्या आत जाळी बसवतात. धुराच्या पाइपातली वाफ शेजारी ओढली जाते आणि त्या जाळीवर गोठते.

पाइप सुटा ठेवण्याबद्दल: माहितीपुस्तिकेत खोलीतली हवा वापरायला परवानगी आहे का ते आधी बघा. साधा हिशोब दर १,००० बीटीयूला ५० घनफूट जागेचा. तुमच्या ६०,०००ला ३,००० घनफूट लागतील, आणि गॅसचा वॉटर हीटर तिथेच असेल तर त्याचेही बीटीयू मिळवा. घर फार हवाबंद असेल तर हा हिशोब धरू नका. बेसमेंटचं दार उघडं ठेवा, सासूबाईंच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. धुराचा पाइप मात्र कुठेही सोडवू नका.

धागाकर्ती

दादा, जाळीच होती! पाइप पांढरा, बर्फ पांढरा, टॉर्चच्या उजेडात काही कळलंच नाही. बोट घातलं तर खडीसाखरेसारखा कडक थर लागला. कोमट पाण्याचं फडकं धरून सोडवला, जाळी काढून ठेवली. पाइप परत जोडून फर्नेस तीन तास चालू आहे, सासूबाईंनी शालही काढली.

आता एकच विचारायचंय. धुराच्या पाइपाचं तोंड हवेच्या पाइपापासून जेमतेम वीतभर आहे आणि वाफ सरळ तिकडेच जाते. सोमवारी तो माणूस आला की धुराचा पाइप लांब करून घ्यावा, की हवेचा पाइप दूर न्यावा?