सायकलवरची दुसरी सकाळ : नागपूरकरांनी आपले अनुभव लिहावेत

येत्या हिवाळ्यात नागपूरहून चिखलदऱ्यापर्यंत सायकलने जाण्याचा आमच्या गटाचा बेत आहे. अमरावती सुमारे 155 किलोमीटर, तेथून परतवाडा आणखी 50 आणि पुढे 1118 मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याचा घाट. तयारी म्हणून शनिवार-रविवारी जोडफेऱ्या, म्हणजे मध्ये एक मुक्काम असलेल्या दोन दिवसांच्या फेऱ्या, करायच्या आहेत. एका दिवसात शंभर किलोमीटर केल्याच्या हकिकती पुष्कळ ऐकायला मिळतात. आम्हाला हवे आहेत ते मुक्काम करून दुसऱ्या सकाळी पुन्हा सायकलवर बसल्यानंतरचे अनुभव, कारण लांबच्या प्रवासाचा कस तेव्हाच लागतो, असे माझे मत आहे.

प्रतापनगर, निवृत्त शिक्षिका

आम्ही दोघी मैत्रिणी डिसेंबरात सेवाग्रामला गेलो होतो. अंतर सुमारे 75 किलोमीटर. बुटीबोरीपर्यंत कारखान्यांच्या ट्रकांची वर्दळ असते, म्हणून उजाडता उजाडता निघालो. केळझर आणि सेलू मागे टाकून पवनारला धाम नदीच्या काठी डबा उघडला, तेव्हा सेवाग्राम अगदी हाताशी आल्यासारखे वाटत होते. शनिवार असा मजेत गेला. रविवारी मात्र पाय ठणठणीत असूनही तळहात दुखत होते आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर झाले होते. वर्ध्यातील एका सायकल दुरुस्तीवाल्या काकांनी मला बसायला लावून बाजूने नीट पाहिले आणि सीटचे टोक खाली झुकलेले असल्याचे दाखवले. त्यामुळे मी सतत पुढे घसरत होते आणि शरीराचा भार हातांवर येऊन तळव्यातील नस दाबली जात होती. त्यांनी सीट समतल केली, हँडल थोडे वर घेतले, आणि परतीच्या वाटेवर बोटे हळूहळू ठिकाणावर आली. हा दोष चाळीस किलोमीटरच्या फेरीत कधीच जाणवला नव्हता.

काटोल रोड, अभियंता

माझी दुसरी सकाळ बसलेल्या टायरने उजाडली. आदल्या दिवशी कळमेश्वरवरून अदाशाला गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत हवा ठीक होती. बाभळीचा काटा असाच दगा देतो : तो रुततो, मोडतो आणि स्वतःच भोकाला बूच होऊन बसतो, त्यामुळे हवा रात्रभर सावकाश निघत राहते. नुसती ट्यूब बदलून उपयोग नाही. टायरच्या आतून बोट अगदी हळू फिरवावे, टोचले की नखाने किंवा चिमट्याने काटा काढावा आणि मग नवी ट्यूब घालावी. नाहीतर दहा मिनिटांत तीही जाते. आणखी एक गोष्ट अशी की बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला गावातल्या दुकानाचा पंप बसत नाही. त्यासाठी मिळणारी पितळी टोपी अगदी स्वस्त असते. ती खिशात नव्हे, सायकललाच अडकवून ठेवावी.

सदर, बँक कर्मचारी

कामठी, कन्हान, मनसर या वाटेने रामटेक सुमारे 50 किलोमीटर आहे आणि सरावाला उत्तम आहे. माझा सल्ला जेवणापुरता : शनिवारी रात्री सावजीचा मोह टाळून साधा वरण-भात खावा आणि झोपण्यापूर्वी पुरेसे पाणी प्यावे. तर्री पोह्यांवर माझी श्रद्धा अढळ आहे, पण ते फेरी संपल्यावर.

मनीषनगर, ब्रेव्हे केलेला सायकलपटू

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात आणि चहा, पंक्चर, फोटो हे सारे त्यातच धरले जाते. मुक्कामी प्रवासाचा हिशेबही असाच मांडावा. आपण पहिल्याच दिवशी अमरावती गाठण्याचा हट्ट धरू नये, असे मला वाटते. गुरुकुंज मोझरी सुमारे 120 किलोमीटरवर आहे; तेथे थांबल्यास दुसऱ्या दिवशी परतवाड्यापर्यंत साधारण 85 उरतात आणि घाट तिसऱ्या सकाळी ताज्या पायांनी चढता येतो. घाटासाठी मागच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचात, 32 किंवा 34 दात्यांचे चक्र असावे, कारण सामान लादल्यावर ओळखीचा चढही परका वाटतो. सरावाच्या फेरीतही तेवढेच सामान न्यावे. समृद्धी महामार्गाने जाता येईल का, असे कोणीतरी दर वेळी विचारते. तेथे सायकलला परवानगी नाही.

मानेवाडा, गृहिणी

वरील सर्वांशी सहमत आहे, पण एक आक्षेप नोंदवते. जोडफेरीत रविवारी परत येताना घराची ओढ असते आणि तीच निम्मे काम करते. लांबच्या प्रवासात दुसऱ्या सकाळी आपण घरापासून आणखी दूर जात असतो. उमरेडला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सायकल पुढे भिवापूरकडे वळवली, तेव्हा मला हा फरक कळला. म्हणून एक तरी फेरी अशी करावी, जिच्यात रविवारी पाठ नागपूरकडे असेल आणि परतीची सोय वाहनाने केलेली असेल.

धागाकर्त्याकडून

हा आक्षेप रास्त आहे. पहिली फेरी पूर्ण सामानासह सेवाग्रामची करू आणि दुसरीत शनिवारी कोंढाळीला मुक्काम करून रविवारी पुढे मोझरीपर्यंत जाऊ. परतीसाठी सायकली घेणारा टेम्पो ठरवावा लागेल. आता परतवाडा ते चिखलदरा या टप्प्याविषयी लिहावे : घाटात पिण्याचे पाणी कोठे मिळते आणि उतरताना ब्रेक तापू नयेत म्हणून आपण कोठे कोठे थांबलात?